बुडापेस्ट आणि दुष्काळाचा दाखला

परदेशी जाण्याच्या अर्जाला दुष्काळाचा दाखला जोडू नये, एवढी साधी गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली असती तर लातूरच्या भर चौकात माझी जी शोभा झाली ती झाली नसती. पण सांगणार कोण? आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही. तो दारात येऊन बसतो, चहा पितो, आणि ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही तोच सगळ्यात आधी देतो.

सुरुवात कॅलेंडरपासून झाली. निवृत्ती नावाचा आमच्या ओळखीचा एक माणूस बसनं काशी-रामेश्वराच्या यात्रा नेतो. त्या वर्षी त्याच्या डोक्यात युरोप शिरला. कमी पैशात, थोड्या दिवसांत, एकच शहर पण पोटभर, अशी त्याची योजना. त्याची जाहिरात म्हणून त्यानं कॅलेंडर छापलं आणि त्यात फेब्रुवारीच्या पानावर बुडापेस्टचा फोटो टाकला. मधोमध नदी, अलीकडं-पलीकडं जुने वाडे, किल्ला, मनोरे, वर पूल. आमच्या घरी हे कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं. फेब्रुवारी संपला, मार्च अर्धा गेला, शिवरात्र झाली, तरी पान उलटेना. मी उलटायला गेलो तर आमच्या मंडळी, म्हणजे नीलम्मा, हातातलं लाटणं घेऊन उभ्या.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला एकदा पाणी बघायचंय. नुसतं बघायचंय. भरायचं न्हाई."

आता हे ज्यांना त्या साली लातुरात राहायचा योग आला नाही त्यांना कळायचं नाही. मांजरा धरणात चिखलसुद्धा वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. नळाला पाणी ही म्हातारी माणसं सांगतात तशी जुनी गोष्ट झाली होती. गल्लीत टँकर यायचा, कधी यायचा ते टँकरलाही ठाऊक नसायचं, आणि पुढं तर आमच्यासाठी पाणी रेल्वेनं आलं. माणसं स्टेशनवर पाहुण्याला घ्यायला जातात तशी पाणी बघायला गेली. हे सगळं नीलम्मानं डोक्यावर आणि कमरेवर वाहिलं होतं. आणि मी? मी त्या साली बरा होतो. माझं दुकान पाण्याच्या टाक्या, ड्रम आणि पाईपचं. लोकांकडं पाणी नव्हतं, पण आलंच तर कशात भरायचं याची फिकीर प्रत्येकाला होती आणि त्या फिकिरीवर माझा धंदा चालला होता. हे मी कुठं बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

म्हणून मला तिला नाही म्हणता येईना. शिवाय लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडं धडपणानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी लगेच निवृत्तीकडं जाऊन दोन नावं घातली. माझा स्वभावच असा आहे की एकदा काम काढलं की मला बूड टेकवत नाही. त्या दिवसापासून मी सकाळी निवृत्तीच्या ऑफिसात, दुपारी निवृत्तीच्या ऑफिसात आणि दुकान बंद करून पुन्हा निवृत्तीच्या ऑफिसात. तो बिचारा काशीच्या मंडळींना गंगेचे घाट समजावून सांगत असायचा आणि मी मधेच विचारायचो, व्हिसाचं काय झालं. अजून अर्जच केला नव्हता हे तो मला दरवेळी शांतपणे सांगायचा.

गल्लीला बातमी लागली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, नावातच बुडा आहे, कशाला जाता. कुणी म्हणालं, तिथं शाकाहारी माणूस बटाट्यावर जगतो, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पंधरवडाभर पुरेल एवढी न्या. कुणी कॅलेंडरच्या मागं छापलेलं वाचलं की तिथं गरम पाण्याचे मोठमोठे हौद आहेत आणि बाप्येमाणसं दिवसदिवस त्यात बसून बुद्धिबळ खेळतात. त्यावर गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे असल्या लोकांच्यात जाऊ नये, दुसरा म्हणे जावं आणि परत येऊच नये. शेजारच्या कोंडाबाईनं फक्त नीलम्माला विचारलं की कधी जाणार आणि कधी येणार, आणि दोघी काहीतरी कुजबुजत बसल्या. बायकांच्या कुजबुजीत मी लक्ष घालत नाही. घालायला पाहिजे होतं, हे पुढं कळलं.

अर्ज भरायचं काम मी माझ्या मेव्हण्याकडं दिलं, ही पहिली चूक. मडिवाळप्पा उदगीरला असतो. झेरॉक्स आणि नेटचं दुकान आहे, आणि उदगीर जिल्हा व्हावा म्हणून त्यानं एक समिती काढलीय. समितीचा अध्यक्ष तो, चिटणीस तो आणि दुकानातली खुर्ची हे कार्यालय. उदगीर जिल्हा होणार ही आवई आमच्याकडं सव्वीस जानेवारीला उठते. ती गेली की एक मे म्हणतात, तो गेला की पंधरा ऑगस्ट, आणि तोही गेला की सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या झेंड्याखाली हमखास होणार असं ठरतं. मी आणि नीलम्मा, दोघांचाही जन्म उदगीरचा. मडिवाळप्पानं आमच्या दोघांच्या अर्जात जन्माच्या जिल्ह्यापुढं 'उदगीर (प्रस्तावित)' असं टाकलं. पासपोर्टवर लातूर, अर्जावर उदगीर, आणि तोही प्रस्तावित. मी डोक्याला हात लावला तर तो मलाच समजावायला लागला की दाजी, एकदा परदेशी दप्तरात उदगीर जिल्हा म्हणून नोंद झाली की इथल्या सरकारला माघार घेता येणार नाही.

दुसरी चूक शेषेरावांची. म्हणजे माझीच, पण सल्ला शेषेरावांचा. हे आमच्या समोर राहतात, तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि अजूनही कुणाच्याही हातात कागद दिसला की त्यांचा हात खिशातल्या पेनाकडं जातो. त्यांनी माझी फाईल चाळली, बँकेचं पान बघितलं, दुकानाचा परवाना बघितला आणि मान हलवली.

"आप्पा, दुष्काळाचा दाखला कुठंय?"

मी म्हणालो, शेषेराव, हा परदेशाचा अर्ज आहे. ते हसले. त्या साली पोरांची परीक्षेची फी दुष्काळाच्या दाखल्यावर माफ झाली होती, शेतसारा माफ झाला होता, वीजबिलाला सूट मिळाली होती. त्यांचं म्हणणं, सरकार कुठलंही असो, दाखला बघितल्यावर त्याचं मन द्रवतं. फी तरी कमी होईल. आणि खोटं कशाला बोलू, ते मला पटलं. आमच्या मुलखातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला पटलं असतं. सवलत समोर दिसत असताना दाखला न जोडणं हा आमच्याकडं मूर्खपणा समजतात.

गावाकडं माझं थोडं रान आहे. शेषेरावांनी आपलं वजन वापरून तिथल्या तलाठ्याकडून दाखला आणला. त्यात पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत, विहीर कोरडी, बोअर कोरडे, जनावरे छावणीत, आणि नजीकच्या काळात पाणी मिळण्याची शक्यता दिसत नाही, असं सगळं रीतसर होतं. मग तो इंग्रजीत करायला आम्ही क्लासवाल्या एका सरांकडं गेलो. ते दहावी-बारावीच्या पोरांना निबंध शिकवतात. त्यांना एवढा करुण मजकूर बऱ्याच दिवसांनी मिळाला असावा. त्यांनी त्यात जीव ओतला. शेवटी 'या भूमीत मनुष्याने राहावे असे आता काहीही उरलेले नाही' हे वाक्य त्यांनी पदरचं घातलं. वाचून शेषेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या महिन्यात आमच्या गल्लीत आलेलं ते बिगरटँकरचं पहिलं पाणी.

अर्ज गेला. आता गप्प बसावं की नाही? पण मडिवाळप्पाला धीर निघेना. व्हिसा यायच्या आधीच त्यानं उदगीरला माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा आणि पुष्पगुच्छाऐवजी पिण्याच्या पाण्याचा जार. त्या जाराला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या मला पडल्या नाहीत. शिवाय त्यानं उदगीरला आणि आमच्या लातुरातल्या चौकातही फ्लेक्स लावले. 'नियोजित उदगीर जिल्ह्याचे सुपुत्र, युरोप दौऱ्यास रवाना.' माझा फोटो लग्नातला, आणि मागं लंडनचं घड्याळ. फ्लेक्सवाल्याकडं परदेश म्हणून तेवढंच होतं. मी म्हणालो, अरे हे शहर ते नव्हे. फ्लेक्सवाला म्हणाला, आप्पा, लोकांना परदेश कळल्याशी मतलब.

आणि मग पाकीट आलं. निवृत्तीनं ते काशीच्या बसमध्ये चढणाऱ्या मंडळींसमोर फोडलं, कारण तोपर्यंत त्यालाही माझ्यासारखीच घाई लागली होती. अर्धापूरच्या केळीवाल्यांचे व्हिसे झाले होते. भोकरच्या एका डॉक्टरांचा झाला होता. आमच्या दोघांचा नाकारला. कारण छापील होतं. मुदत संपण्यापूर्वी तुम्ही आमचा देश सोडून परत जाल याची आम्हांला खात्री वाटत नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मी, संगप्पा, दुकान माझं, घर माझं, मठात माझ्या नावाची पायरी, तो मी हंगेरी देशात लपून राहीन? कशासाठी? बटाटे खायला? मला एवढा संताप आला की मी निवृत्तीच्या ऑफिसातून निघालो ते चपला तिथंच विसरून. काशीच्या मंडळींतल्या एका म्हातारीनं मला थांबवून म्हटलं, बाबा, आमच्याबरोबर चल, तिथं काही लागत नाही.

त्यानंतर मी तोंड चुकवत फिरायला लागलो. चौकातला फ्लेक्स काही उतरेना, कारण पुढच्या पुढाऱ्याचा वाढदिवस लांब होता. मी मागच्या बोळातनं दुकानात जायचो. एकदा मोंढ्यातल्या, म्हणजे आमच्या धान्यबाजारातल्या, डाळमिलचे एक शेठ समोर आले आणि म्हणाले, आलात का आप्पा, कसं काय होतं? आता त्यांना सगळी हकीकत सांगायची म्हणजे दाखला आला, जिल्हा आला, सरांचं वाक्य आलं. मी म्हणालो, "गार होतं." बस्स, एवढंच म्हणालो. पण तेवढ्यानं झालं. संध्याकाळपर्यंत मोंढ्यात बातमी की संगप्पा जाऊन आले, आणि त्यांना गारवा बाधला. दोघंतिघं तर घरी बघायला आले. नीलम्मानं त्यांना पाणी दिलं, तेही जपून, आणि ते गेल्यावर दार लावून घेतलं.

ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"तुमी न जाताच जाऊन आलात," ती म्हणाली. "मग मी कवा जाऊ?"

मी इज्जतीबद्दल बोलायला लागलो. परत अर्ज केला आणि परत नाकारला तर लोक काय म्हणतील, फेटा बांधून घेतलेला माणूस आहे मी, वगैरे.

"इज्जत तुमची गेली. त्यापायी माझं पाणी कामून जावं?"

आणि ती रडली. डोळ्याला पदर न लावता, तशीच उभ्यानं. मला लाज वाटली. ती इतकी वाटली की मी त्याच पावली निवृत्तीकडं गेलो, आणि चौकातनं गेलो, माझ्याच फोटोखालून.

दुसऱ्या अर्जात जिल्हा लातूर लिहिला. मडिवाळप्पा दोन आठवडे बोलला नाही. या वेळी वकिलातीनं मुंबईला समक्ष बोलावलं. मी तयारी केली ती केलीच. सातबारा, दुकानाचा परवाना, घराचा उतारा, मठाची पावती, आणि आमच्या लग्नाची पत्रिका, असू द्यावी म्हणून. सरांकडून मातृभूमीवर इंग्रजी भाषण पाठ करून घेतलं. टेबलापलीकडं एक गोरे गृहस्थ होते आणि शेजारी मराठी बोलणारी एक मुलगी. गृहस्थांच्या हातात आमचा जुना दाखला होता. त्यांनी त्यातलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, इथं राहावं असं काहीच उरलं नाही म्हणता, तर मग परत का याल?

मी मातृभूमी सुरू केली. दोन वाक्यं झाली आणि तिसरं आठवेना. मी सातबारा पुढं केला. तो मराठीत होता. पत्रिका पुढं केली, ती कन्नडमध्ये होती. घाम फुटला. एसीत फुटला. गृहस्थ घड्याळाकडं बघायला लागले.

तेव्हा नीलम्मानं त्या मुलीला विचारलं, काय इचारायलेत ते? मुलीनं सांगितलं.

"एवढंच व्हय," नीलम्मा म्हणाली. "त्यास्नी सांगा, माझ्यावर कोंडाबाईची सावड हाय. मी तिकडं असताना माझ्या वाटचं पाणी ती भरून ठेवणार. तिची लेक बाळंतपणाला येणार हाय, तवा तिच्या वाटचं मी भरायचं. टँकरवर घरचं माणूस उभं न्हाई ऱ्हायलं तर पाणी भेटत न्हाई. मी आले न्हाई तर त्या बाळंतिणीला पाणी कोण घालंल?"

मला हे ठाऊक नव्हतं. सावड शेतात असते हे मला ठाऊक आहे, आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पण आमच्या गल्लीतल्या बायकांनी ती पाण्याला लावली होती आणि सगळी उन्हाळ्याची तहान त्यावर निभावली होती, हे मला ड्रम विकता विकता कळलं नव्हतं. ते कुजबुजणं याचं होतं.

मुलगी बराच वेळ इंग्रजीत समजावत होती. गृहस्थांनी सावडीवर पुन्हा काही विचारलं, मुलीनं पुन्हा सांगितलं. त्यांनी लेक कधी येणार तेही विचारलं. नीलम्मानं सांगितलं, ज्येष्ठात. त्यांनी ज्येष्ठ म्हणजे काय ते विचारून लिहून घेतलं आणि माझे सगळे कागद, एकही न बघता, परत दिले. आठवड्यात व्हिसे आले. ज्येष्ठापर्यंतचे.

निवृत्तीच्या दुसऱ्या तुकडीत आम्ही गेलो. त्याच्या छापील कार्यक्रमात किल्ला दर्शन, चर्च दर्शन, संसद दर्शन आणि हौद (ऐच्छिक) असं होतं. पहिल्याच सकाळी बस पुलाजवळ थांबली. नीलम्मा उतरली, कठड्याला टेकली आणि तिथनं हलेना. मी म्हणालो, चल, किल्ला राहिलाय. ती म्हणाली, तुमी जाऊन या. मी गेलो. पैसे भरलेत म्हटल्यावर गेलोच. धावत किल्ला बघितला, धावत चर्च बघितलं, सगळ्याचे फोटो काढले, धापा टाकत परत आलो, तर ती तिथंच. मला राग आला, एवढ्या लांब येऊन ही बाई एका कठड्याला धरून बसलीय. काहीतरी बोलणार होतो. पण तिचं तोंड बघितलं आणि मोबाईल खिशात घातला. लग्नातसुद्धा मी ते तसं बघितलं नव्हतं. नदी खाली नुसती चालली होती. सायकलवाले, बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका, सगळे आपापल्या नादात.

"एवढं चाललंय," ती हळूच म्हणाली, "अन् कुणी वळून बी बघंना."

मग आम्ही दोघं बघत राहिलो. पुढचे दिवसही जवळजवळ तिथंच गेले. माझ्यासारखा माणूस इतका वेळ एका जागी उभा राहिला, हे गल्लीत कुणी खरं मानत नाही.

परत आलो आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला. कोंडाबाईची लेक माहेरी आली होती. नीलम्मानं कोंडाबाईच्या घागरी ओळीत लावल्या आणि त्यांच्यापाशी उभी राहिली. मी ओट्यावर मोबाईल घेऊन सज्ज होतो. किल्ला, संसद, चर्च, सगळं तयार. बायकांनी मला नाही विचारलं. त्यांनी तिला विचारलं, काय बघितलं.

"पाणी बघितलं," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. लेकीपाशी दारात बसलेल्या कोंडाबाईनं विचारलं, लई होतं का? नीलम्मा म्हणाली, व्हय, लई.

"मग बाया कुठं भरतात?"

"कुणी भरतच न्हाई. घराघरात येतंय."

कोंडाबाई उठून ओळीपाशी आली. मग तिनं अगदी काळजीनं विचारलं:

"मग भेटतात कुठं एकमेकीला?"

नीलम्मानं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलमधले फोटो पुढं-मागं करून बघितले. किल्ला होता, चर्च होतं, संसद चार बाजूंनी होती. बायका एकमेकीला भेटतात ती जागा काही कुठं दिसली नाही.